ठिपका काही हलेना

ठिपका आजही जागच्या जागी होता. लाल, गोल, टपोरा. न बोलावता आलेला पाहुणा ठाण मांडून बसावा, तसा भिंतीवरच्या काळ्या रेघेवर बसलेला.

"अरे हल ना मेल्या! तुझं काय जातंय?" छटाक भिंतीवर ओरडली.

भिंतीने उत्तर दिलं नाही. पलीकडच्या दुकानातून बाबांनी मात्र दिलं, "कुणाशी भांडतेस गं?"

"गुरुत्वाकर्षणाशी!"

"जपून हं, जड प्रकरण आहे ते," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खुसखुसले. छटाकला हसू आलं नाही. आठवडेच्या आठवडे रोज संध्याकाळी तोच ठिपका, तीच रेघ. ये रे माझ्या मागल्या!

छटाक हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. बाबा वजनकाटे दुरुस्त करतात. त्यांच्या घरात मुलगी जन्माला आली आणि ती इतकी इवलीशी निघाली, की त्यांनी तळहातावर तोलून जाहीर केलं, "ही तर छटाकभर आहे!" आता ती नववीत होती, उंचीने आईच्या कानापर्यंत पोचली होती, आवाजाने तर गल्लीच्या टोकापर्यंत. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर हे गुरुत्वाकर्षणाशी भांडण सुरू कसं झालं? शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं, "सिद्धान्ताने केलेलं एखादं भाकीत घ्या आणि ते स्वस्तात तपासून दाखवा. खर्च एका जाडजूड वहीपेक्षा जास्त नको. शाळेतून एकच प्रयोग निवडला जाईल. ज्याचा निवडला जाईल त्याला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आठवडाभर काम करायला मिळेल."

आठवडाभर! खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत! छटाकला त्या रात्री झोप लागली नाही. गेल्या वर्षी तिचा प्रयोग मागे पडला होता, आणि बाईंनी पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "बोलतेस मात्र फार छान हो." ते 'मात्र' तिच्या जिव्हारी लागलं होतं. या वर्षी तिने नुसतं बोलायचं नाही, तर करून दाखवायचं ठरवलं होतं.

भाकीत तिने ताईकडून घेतलं. ताई भौतिकशास्त्रात पुढचं शिकत होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिचं शास्त्र सगळं कागदावरचं. आयुष्यात तिने कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नव्हता. काटे दुरुस्त करणाऱ्याच्या पोटी जन्मून ही तऱ्हा, असं आई म्हणायची.

"हे बघ," ताईने सांगितलं होतं, "जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला ओढते. पृथ्वी आपल्याला ओढते हे सगळ्यांनाच माहीत असतं, कारण आपण आपटतो. पण वाटी चमच्याला ओढते, खुर्ची टेबलाला ओढते, आत्ता मी तुला ओढतेय."

"सकाळी अंथरुणातून ओढलंस तसं?"

"त्याहून कोट्यवधी पटींनी हळू. ती ओढ डोळ्यांना दिसेल असं काहीतरी कर. बाईंची बोलतीच बंद होईल."

मग दुकानामागच्या सामानाच्या खोलीत यंत्र उभं राहिलं. शिवणकामाची लाकडी पट्टी. तिच्या दोन टोकांना शिशाच्या गोळ्या, मासे धरायच्या गळाला लावतात त्या. मासे धरायच्याच नायलॉनच्या दोऱ्याने ती पट्टी मधोमध आडवी टांगलेली. पट्टीच्या पोटाला आईच्या पावडरच्या डबीतला आरसा. त्या आरशावर लेझरचा लाल झोत पडायचा आणि परतून समोरच्या भिंतीवर ठिपका व्हायचा. पट्टी केसभर वळली तरी लांबच्या भिंतीवर ठिपका चांगला सरकणार, ही त्यातली गंमत. हेलकावे लवकर थांबावेत म्हणून पट्टीखालची एक तार तेलाच्या वाटीत बुडवून ठेवलेली. "नमनालाच वाटीभर तेल," आई म्हणाली होती.

वारा लागू नये म्हणून सगळं काचेच्या पेटीत ठेवलं. पेटी होती सोनाराच्या एका मोडक्या काट्याची. ती बाबांनी दिली, पुसून लख्ख करून दिली, आणि दोरा जिथे अडकवला तिथे वर एक पितळी स्क्रूही बसवून दिला. तो फिरवला की दोरा किंचित पिळायचा आणि ठिपका हवा तिथे आणता यायचा.

"काटा म्हटला की शून्याचा स्क्रू हवाच," बाबा म्हणाले होते. "ज्याला शून्य नाही त्याला कशाचीच शुद्ध नाही."

आणि पेटीच्या बाहेर, दोन गोळ्यांच्या शेजारी, वीस-वीस किलोंची दोन लोखंडी वजनं. घासून हलकी झाली म्हणून तपासणीत शिक्का न मिळालेली, कधीपासून कोपऱ्यात धूळ खात पडलेली. ताईने कागद घेतला, पेन्सिल घेतली, अर्धा तास ओठ चावले आणि भाकीत सांगितलं. पट्टीच्या ज्या त्या टोकाशी उभं राहून वजनं गोळ्यांच्या डाव्या अंगाला ठेवली की ठिपका खिडकीकडे सरकेल. उचलून उजव्या अंगाला ठेवली की दाराकडे सरकेल. किती? दोन बोटं.

दोन बोटं! म्हणजे सहज दिसणार. छटाकने तिथल्या तिथे उडी मारली होती.

आणि मग नाकी नऊ आले. आधी पट्टीच थांबेना. रस्त्यावरून ट्रक गेला की ठिपका झोपाळ्यावर बसल्यासारखा झुलायचा. ट्रक नसला की छटाकचा श्वास. श्वास रोखला की तिची पावलं. एकदा ती नुसती शिंकली, तर ठिपका छतावर गेला. शेवटी ताईने फर्मान काढलं: वजनं हलवायची, खोलीतून बाहेर पडायचं, आणि अंधारून येईपर्यंत कुणीही आत पाऊल टाकायचं नाही.

"कुणीही म्हणजे कुणीही," छटाकने दुकानात, स्वयंपाकघरात आणि जिन्यात ओरडून सांगितलं. "आई, तूसुद्धा! लोणच्याची बरणी हवी असेल तर आत्ताच काढून घे!"

तेव्हापासून ठिपका शांत झाला. इतका शांत, की मेलाच म्हणा ना. रोज शाळेतून आल्यावर दोघी बहिणी कण्हतकुंथत वजनं उचलून एका अंगाची दुसऱ्या अंगाला ठेवायच्या. छटाक वर जाऊन अभ्यास करायची, म्हणजे पुस्तक उघडून घड्याळाकडे बघायची. मग खाली यायची, तर ठिपका रेघेवर. वजनं डावीकडे, ठिपका रेघेवर. वजनं उजवीकडे, ठिपका रेघेवर. जगातली प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढत होती. फक्त यांच्या घरात तिला सुट्टी होती.

"शून्य येणं शक्यच नाही," आज ताई म्हणाली. ती दारातच उभी होती, कागद हातात.

"तुझ्या कागदाला सांग ते."

"कागद बरोबर आहे. तू दोरा जाड घेतला असशील."

"मासा पकडायला लागतो तेवढाच घेतलाय! आणि उंटावरून शेळ्या हाकू नकोस. एकदा तरी खाली उतर आणि बघ काय ते."

ताई उतरली. तिने पेटीभोवती एक फेरी मारली, गंभीर चेहऱ्याने काचेवर टिचकी मारली. ठिपका भेदरून नाचायला लागला.

"टिचकी मारू नकोस!!"

"आपण वजनं आणखी जवळ सरकवू."

सरकवली. दुसऱ्या दिवशी? रेघेवर. दोरा बदलला, बारीकातला बारीक घेतला. रेघेवर. पट्टीला कुठे काच लागतेय का ते भिंगाने पाहिलं. कुठेच लागत नव्हती, हात लावला की छान वळत होती. छटाकने डोकं धरलं. पालथ्या घड्यावर पाणी तरी ओघळताना दिसतं, इथे तेही दिसेना. घोडं कुठे पेंड खातंय, तेच कळेना.

जेवताना ती कुणाशी बोलली नाही. छटाक बोलली नाही म्हणजे घरात कुणीतरी आजारी असल्यासारखंच वाटायचं.

"शनिवारी बाई येणार ना बघायला?" आईने विचारलं.

"येऊ देत. रेघ बघतील, ठिपका बघतील, चहा पितील, जातील. आणि 'ब' तुकडीची पवनचक्की जाईल विद्यापीठात. नुसती पंख्यासमोर धरायची नि दिवा लागतो म्हणे!" तिचा आवाज चिरकला. "मी मूर्ख आहे. मला फक्त बोलता येतं."

बाबा मान खाली घालून ताटात बोट फिरवत होते. नेहमी अशा वेळी ते एखादा पाचकळ विनोद करायचे. आज केला नाही. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. छटाकला वाटलं, आपल्यासाठी. ते अर्धंच खरं होतं.

शनिवारी बाई आल्या. पावसाळी चपला, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. आल्या आल्या म्हणाल्या, "मला सहाच्या आत निवडीचं नाव कळवायचंय, तेव्हा लगेच सुरू करू."

त्यांनी सगळं नीट पाहिलं. पेटी पाहिली, आरसा पाहिला, तेलाची वाटी पाहून "अरे वा!" म्हणाल्या. छटाकच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ठिपका रेघेवर आहे याची बाईंनी स्वतः वाकून खात्री केली. मग दोघी बहिणींनी वजनं डाव्या अंगाची उजव्या अंगाला नेऊन ठेवली आणि सगळे पुढे दुकानात येऊन बसले.

बाईंना गिऱ्हाइकाची खुर्ची मिळाली. ताई मोडक्या प्लॅटफॉर्म काट्यावर बसली. काटा एकदम उसळला. "बघा बाई, सिद्धान्ताचं वजन," छटाक म्हणाली. बाई हसल्या. बाबांनी चहा आणला. मग पाव इंचाचा पाना शोधला, मग फडकं शोधलं, मग "मागे राहिला वाटतं" असं पुटपुटत आत गेले आणि पाना घेऊन आले. कुणाचं लक्ष नव्हतं. छटाक बाईंना सांगत होती, ठिपका दाराकडे कसा जाणार, का जाणार. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते पटायला लागलं होतं. आज नक्की. आज बाईंसमोर विश्व लाजेकाजेस्तव तरी वागेल.

वेळ झाली. सगळे हळूच आत गेले.

ठिपका रेघेवर होता.

छटाक बघतच राहिली. 

"हं," बाई म्हणाल्या. मग खूप मऊ आवाजात, "शून्य हेही उत्तर असतं, बाळा. पण या भाकिताला ते नाही चालत. म्हणजे यंत्रात काहीतरी अडतंय."

"कुठेच अडत नाहीये!" छटाकचे डोळे भरून आले. "सगळं तपासलंय, बाई. सगळं! आता काय करू मी? पृथ्वी बदलू?"

"यंत्रात दोष आहे," दारातून बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबांच्या हातात अजून तो पाना होता आणि ते त्याच्याकडेच बघत होते.

"दोष माझा आहे, बाई. पोरीचा नाही. तो वरचा स्क्रू माझा, आणि तो घसरतो. रोज घसरतो. चाळीस वर्षं काटे दुरुस्त करतोय, असा हरामखोर स्क्रू नाही पाहिला. किती वेळा आवळला, मेण लावलं, उगाच बोलून कशाला दाखवू म्हणून गप्प राहिलो. रोज दुपारनंतर बघावं तर ठिपका रेघेवरून गेलेला. मग मी आणून ठेवतो परत. शून्यावर."



"तुम्ही," छटाक म्हणाली, "आणून. ठेवता."

"म्हणजे काय! तू इतकी राबतेस, आणि बाईंसमोर काटा शून्यावर नाही म्हणजे आपल्या दुकानाची काय शोभा? आत्तासुद्धा सरकला होता. बरं झालं पान्याच्या निमित्ताने डोकावलो."

"बाबा! मी म्हटलं होतं ना, कुणीही आत जायचं नाही!"

"अगं, कुणीही म्हणजे पोरंटोरं, पाहुणेरावळे. मी दुरुस्त करणारा माणूस. डॉक्टरला कुणी पाहुणा म्हणतं का?"

ताईने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती हे नक्की. छटाकला मात्र हसावं, किंचाळावं की पेटीवर डोकं आपटावं, ते कळेना. इतके आठवडे! ती वर बसून देवाची आणि विश्वाची विनवणी करत होती, आणि खाली तिचा सख्खा बाप विश्वाला दोन बोटं मागे ढकलत होता. प्रेमाने. हलक्या हाताने. तेलाची वाटीही न हिंदकळू देता.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "थांबा. कुठल्या बाजूला घसरतो तुमचा स्क्रू?"

"त्याचीच तर चीड येते हो. धड एका बाजूलाही घसरत नाही. एक दिवस खिडकीकडे, दुसऱ्या दिवशी दाराकडे. स्क्रू असा वागतो का कधी?"

"आणि आज?"

"दाराकडे."

बाईंनी वजनांकडे पाहिलं. वजनं उजव्या अंगाला होती. ताईचं हसणं थांबलं.

"किती?" छटाकने बाबांचा हात धरला. "बाबा, किती सरकला होता? दोन बोटं? आठवा ना!"

"ते मी कशाला बघू? चुकला की दुरुस्त करायचा. चुकलेला आकडा लक्षात ठेवून काय करायचंय?"

"आई गं!" छटाक मटकन जमिनीवर बसली.

पण लगेच उठलीही. "बाई, परत करू! आत्ता! आता ठिपका रेघेवर आहे ना, वजनं परत डावीकडे ठेवू. खिडकीकडे जायला हवा. प्लीज, बाई."

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "कर."

वजनं डावीकडे गेली. सगळ्यांना बाहेर काढून दार अर्धवट लोटलं आणि फटीतून एकाखाली एक अशी तीन डोकी लागली: बाईंचं, ताईचं, छटाकचं. बाबांना दुकानात गल्ल्यामागे बसवलं आणि त्यांच्या दोन्ही हातांत एक एक चहाचा पेला दिला.

आधी काहीच नाही. ठिपका थरथरत होता, रेघेच्या दोन्ही बाजूंना. मग थरथर कमी झाली. मग छटाकला वाटलं, आपले डोळे फिरले. रेघ ठिपक्याच्या मधोमध नव्हती. ती कडेला होती.

"जातोय," ती कुजबुजली.

"खिडकीकडे," ताई कुजबुजली. तिने छटाकचं मनगट इतकं घट्ट दाबलं की ते दुखलं. इतकी वर्षं कागदावर जे तिने हजारदा लिहिलं होतं, ते आज पहिल्यांदा तिच्यासमोर चालत होतं. गोगलगायीच्याही मागून, पण चालत होतं. रेघ ठिपक्यातून पूर्ण बाहेर पडली. आता मधे पांढरी भिंत दिसायला लागली.

"काय चाललंय?" दुकानातून बाबांचा आवाज. "सरकला का? आणू का?"

"नाही!!!" तिघीही एकदम. त्यांत बाईही होत्या.

आणि तेवढ्यात बाई दारापासून मागे झाल्या. पिशवी खांद्याला लावली.

"बाई? अजून थांबला नाहीये तो."

"मला माहीत आहे. पण मला आता निघायला हवं. सहा वाजत आले."

"पण तुम्ही पाहिलंत! तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत!"

"पाहिलं," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या अंगावर काटा आला. पण भाकीत होतं दोन बोटांचं. तो किती सरकणार ते ना तुला माहीत, ना मला. पुन्हा सरकेल का, तेही नाही. 'ब' तुकडीकडे आकडे आहेत, बाळा. वीस वेळा घेतलेले. तुझ्याकडे आत्ता फक्त एक गोष्ट आहे. फार छान गोष्ट आहे. पण मी गोष्ट नाही गं पाठवू शकत."

 छटाकला सांगायचं होतं की हे बरोबर नाही, पवनचक्की बाजारात तयार मिळते, 'ब' तुकडीला काय माहीत भिंतीवर बघत बसणं काय असतं ते. पण बाई खोटं बोलत नव्हत्या, हीच खरी अडचण होती. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

बाई गेल्या. बाबांनी दोन्ही पेले हातात घेऊनच त्यांना दारापर्यंत पोचवलं, कारण ते खाली ठेवायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. परत आले ते गल्ल्यामागे न जाता खोलीच्या दाराशी, पण दोन पावलं लांब उभे राहिले.

"गेलं का गं?" त्यांनी विचारलं. "विद्यापीठ?"

"गेलं."

"माझ्यामुळे."

छटाकला 'नाही हो बाबा' म्हणावंसं वाटलं नाही. खरंच त्यांच्यामुळेच गेलं होतं. तिने बाहीला नाक पुसलं आणि फटीला डोळा लावला. खूप राग आला होता, रडूही येत होतं, पण ठिपका अजून चालत होता. आणि कितीही राग आला तरी तो कुठे जाऊन थांबतो हे न बघता उठणं तिला जमेना.

बराच वेळ तिघं तशीच राहिली. बाहेर दुकानात कुणीतरी हाक मारून, उत्तर न मिळाल्याने निघून गेलं. ठिपका हळू झाला. अजून हळू झाला. थांबला.

छटाक श्वास धरून, मांजरीच्या पावलांनी आत गेली, ठिपक्याच्या मधोमध पेन्सिलची खूण केली आणि रेघेपासून बोटं लावून पाहिली. एक. आणि दुसरं अर्धं.

"दीड," ती म्हणाली.

"निदान दोन तरी हवं," ताई दारातून म्हणाली.

"दीड आहे. ये, बघ, तुझी बोटं लाव."

"माझी बोटं बारीक आहेत."

"मग तुझ्या बोटांनी जास्त यायला हवं, अकलेचा कांदा!"

"माझं गणित बरोबर आहे. वजनं वीस किलोंची धरली होती मी."

"घासून हलकी झालीत ती, म्हणून तर शिक्का नाही मिळाला!"

"चिमूटभर घासली असतील गं. त्याने अर्धं बोट नाही जात. अंतर चुकलं असेल तुझं."

"माझं? अंतर तूच मोजलंस! शिवणाच्या फाटक्या टेपने!"

"मग काय करायचंय?"

"उजवीकडे ठेवायची परत. मग डावीकडे. मग उजवीकडे. वीस वेळा. चल, तू ते टोक धर."

बाबांनी दोन्ही पेले कट्ट्यावर ठेवले, बाह्या वर केल्या आणि उत्साहाने आत पाऊल टाकलं. "सरका गं पोरींनो, मी उचलतो."

"बाबा, तुम्ही बसा!" दोघी एका सुरात ओरडल्या, आणि भिंतीवरचा ठिपका थरथर कापायला लागला.